कपबश्यांचा डोलारा

मला कोणी रागाच्या भरात ‘खड्ड्यात जा’ म्हटलं की माझं उत्तर ठरलेलं असतं, "तिथूनच येतेय, काही निरोप आहे का?" म्युझिकलच्या थिएटरात रंगमंच आणि पहिली रांग यांच्या मध्ये जमिनीच्या खाली एक खोलगट जागा असते, तिथे वाद्यवृंद बसतो. पोस्टरवर त्याला काहीही म्हणोत, आम्ही खड्डाच म्हणतो. त्याच्या उजव्या टोकाला, लोखंडी शिडीच्या शेजारी माझा संसार आहे.

संसारच म्हणायचा. बाकीच्यांकडे एकेक वाद्य, फार तर दोन. माझ्याकडे, आपटलं की वाजतं ते सगळं. तांब्याच्या कढयांसारख्या टिंपनी, साइड ड्रम, आडवा झायलोफोन, मोठा ढोल, टांगलेली झांज, लाकडी ठोकळे, ट्रँगल, सरकती शिट्टी, आणि फुटक्या कपबश्यांनी भरलेला एक पत्र्याचा डबा. हे सगळं एकटीने वाजवायचं, आणि एकाकडून दुसऱ्याकडे जायला वेळ किती, तर बाकीच्यांना पान उलटायला लागतो तेवढा. म्हणून कुठली वस्तू कुठे राहील हे मी तालमीतच ठरवते आणि मग देव आला तरी ती हलवू देत नाही. काठ्या टॉवेलवर मांडलेल्या असतात, कारण नुसत्या लाकडावर ठेवल्या तर आवाज होतो. एकदा सफाईवाल्याने तो टॉवेल धुवायला टाकला. तेव्हा मी जे बोलले ते ऐकून ट्रंबोनवाला म्हणाला, "ताई, तुमचं हे शिक्षण कुठे झालं?"

व्हायोलिनवाली अधूनमधून चिडवते, "एक ना धड, भाराभर चिंध्या." मी म्हणते, "तुझं एक धड आहे ना, मग ते तरी सुरात लाव." आमचं छान जमतं.

आता आमचे हे. हे वर असतात, म्हणजे रंगमंचावर. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण कामाच्या वेळी मी खाली आणि हे वर, यात बदल नाही. घरी उलट असतं, असं हे सगळ्यांना सांगत फिरतात. फिरू देत.

चालू नाटक एका हॉटेलातलं आहे आणि त्यात हे म्हातारा वेटर होतात. दोन गाण्यांत आवाज लावायचा आणि पहिल्या अंकाच्या शेवटी पडायचं, एवढंच काम. पण त्या पडण्यासाठी लोक दुसऱ्यांदा तिकीट काढतात. वेटर जिन्याच्या वरच्या पायरीवर येतो. हातात ट्रे, ट्रेवर कपबश्यांचा डोलारा, त्याच्या डोक्याच्याही वर गेलेला. कपबश्या प्लॅस्टिकच्या आणि एकमेकींना चिकटवलेल्या. आवाज सगळा माझा. तो डुलतो, मी साइड ड्रमवर दोन्ही काठ्या भराभर आपटत तो घुमवत राहते. मग पाय सटकतो. तीन पायऱ्या, तीन ठोकळे. मग घसरगुंडी, शिट्टी. मग जमीन, म्हणजे ढोल, झांज आणि पत्र्याचा डबा, सगळं एकदम. मग सामसूम. आणि आडव्या झालेल्या वेटरचा हात हळूच वर येतो, त्यात एक कप, न फुटलेला. ट्रँगल. टिंग. आणि लोक पोट धरून हसतात.

या कामाचा एक नियम आहे. पडणाऱ्याने खाली बघायचं नाही. त्याने आपल्या पायाने पडावं. डोळा ठेवायचा तो वाजवणाऱ्याने, आणि पाय टेकताक्षणी हाणायचं. पडणारा आवाजाची वाट बघायला लागला तर पडणं खोटं दिसतं आणि कोणी हसत नाही. म्हणजे जबाबदारी माझी. हे पडतात, मी झेलते.

गेल्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला होता. ठोकळे माझ्या मागच्या बाजूला, वर टांगलेले. ड्रमवरून वळून तिथे हात न्यायचा म्हणजे डोळ्यांत पाणी यायचं. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की लोक कीव करतात आणि पाठोपाठ बदली माणूस शोधतात. व्यायाम केला, तेल चोळलं, खांदा बरा झाला, विषय संपला.

पण माझा खांदा बरा होतो न होतो तोच ह्यांचा गुडघा बिघडला. हे तोंडाने कबूल करत नव्हते. पण माझ्या नजरेतून काही सुटतंय होय? आधी हे दोनदा डुलून पडायचे, आता तिसऱ्यांदा डुलायला लागले. मग चौथ्यांदा. पाय पुढे टाकायचा, परत मागे घ्यायचा. मी ओळखलं, धीर होत नाहीये. बरं, पडणं दिसतं गमतीचं, पण सगळा भार गुडघ्यावर येतो, आणि वय काय थांबलंय कोणासाठी? मग मी काय करणार? घुमवत राहिले. कागदावरचं संपलं तरी काठ्या थांबवल्या नाहीत. हे आणखी डुलले की मी आणखी ताणायची. आमच्या वाद्यवृंदाचा संचालक काडी हलवून ताल दाखवतो म्हणून त्याला सगळे काडीवाला म्हणतात, तो काडी हवेत धरून माझ्याकडे बघत राहायचा. काडीवाला वयाने लहान आहे, गुणी आहे. एकदा म्हणाला, "ताई, हे रोज थोडं थोडं वाढतंय बरं का." मी म्हटलं, "लोक हसतायत ना? मग तुझा हात दुखतोय का?"

घरी मी हा विषय काढला नाही. नटाला ‘तुमचा पाय चालत नाही’ म्हणून सांगायचं म्हणजे काय असतं ते नटाच्या बायकोलाच ठाऊक.

मग दुष्काळात तेरावा महिना. थिएटरच्या मालकाला पुढे आणखी दोन रांगा हव्या झाल्या. त्यासाठी खड्ड्याचं अर्धं तोंड बुजवायचं ठरलं, आणि जो अर्धा भाग गेला तो माझा. मला म्हणे वरच्या मजल्यावर, कपडेपटाच्या शेजारची खोली. तिथे वाजवायचं, माइकवरून आवाज सभागृहात जाईल. समोर टीव्हीसारखा एक पडदा, त्यावर फक्त काडीवाला दिसणार. कानावर हेडफोन. हल्ली असं पुष्कळ ठिकाणी करतात, मला माहीत आहे. पण करतात म्हणून मला आवडलं पाहिजे असं नाही.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात दिग्दर्शकबाई टपकल्या. नाटक उभं करून त्या दुसरीकडे निघून जातात आणि मधूनच न सांगता येऊन मागच्या रांगेत बसतात. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सगळ्यांना रंगमंचावर बोलावलं.

"वेटरचं पडणं च्युइंगमसारखं ताणलंय," त्या म्हणाल्या. "लोक हसतात, पण पडण्याला नाही, थांबण्याला. आणि पुढचं गाणं थंड पडतं. आता तालवाद्यं वर जातायत ते बरंच झालं. उद्यापासून लिहिलंय तेवढंच, काडीबरोबर. वेटरला त्यात पडता आलं तर उत्तम. नाही तर हमालाचं काम करणारा आहे, त्याने शिकून ठेवलंय. उद्या दुपारी तालीम, संध्याकाळच्या प्रयोगाला मी बसेन. मग ठरवते."

सगळ्यांच्या देखत बोलल्या. हमाल झालेला तरणाताठा नट बुटांकडे बघायला लागला. त्याचाही काही दोष नाही. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहरा असा की मला पुढे बघवेना.

मी म्हटलं, "मॅडम, मला रंगमंच दिसायला हवा."

"कशाला? काडी दिसेल की."

"मग निदान दुसरा पडदा लावा. पडणारा माणूस दिसल्याशिवाय मी झेलू कशी?"

"दिसला की तुम्ही परत ताणणार," बाई हसून म्हणाल्या. "तेच तर नकोय."

आता याच्यावर काय बोलायचं? ह्यांचा गुडघा गेलाय म्हणून मी ताणते, असं सगळ्यांसमोर म्हणू? म्हणजे हमालाचीच वर्णी लावल्यासारखं. सांगता येत नाही आणि सहनही होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी आडून सुरुवात केली. "तेल गरम करू का?"

"कर ना," हे म्हणाले. "खांद्याला लागेल तुझ्या."

"मला कशाला? मी तुमच्यासाठी म्हणत होते."

"मला? मला काय झालंय?" हे ब्रेडला लोणी लावत राहिले. मग म्हणाले, "त्या वरच्या खोलीत जागा आहे ना? ठोकळे समोर घे या वेळी. मागे नको टांगूस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि हे माझे ठोकळे टांगतायत! "माझी मांडणी मला शिकवू नका," मी म्हटलं. "त्यापेक्षा तुम्ही आज पाय जरा लवकर टाका. काडी थांबणार नाही. मीही थांबू शकणार नाही, मला दिसणार नाही."

"तेच तर," हे म्हणाले. लोण्याची सुरी खाली ठेवली. "तू काळजी करू नकोस. मी सांभाळून घेतो."

सांभाळून घेतो म्हणे! घेतलंय आजवर कोणी सांभाळून? मी कप विसळायला उठले, आणि कप खरा होता म्हणून फक्त, नाही तर आपटला असता.

कपडेपटाशेजारची खोली. भिंतींना जुनी सतरंजी ठोकलेली, आवाज घुमू नये म्हणून. पलीकडे इस्त्रीची वाफ फुसफुसत होती. खिडकीतून मागचं आवार आणि कचऱ्याचे डबे. वाद्यं आणून ठेवली होती खरी, पण ज्याने आणली त्याने ढोल खिडकीत आणि ट्रँगल दाराला अडकवला होता. सगळं पुन्हा मांडलं. ठोकळे मागेच टांगले, मुद्दाम. पडद्यावर काडीवाला कमरेपर्यंत दिसत होता. त्याने मला हात केला, मी त्याला केला.

तालीम सुरू झाली. वेटरची जागा आली. मी घुमवायला लागले. काडी एकदाही रेंगाळली नाही. लिहिल्या जागी ती खाली आली आणि मला हाणावंच लागलं. ठोकळा, ठोकळा, ठोकळा, शिट्टी, धडाम. मग सामसूम. हेडफोनमध्ये काहीच नाही. आणि सगळं वाजून झाल्यावर, मी ट्रँगल हातात घेतल्यावर, लांबून आवाज आला. धप. धप. धप. हे आत्ता पडत होते.

कोणी हसलं नाही. मग दिग्दर्शकबाईंचा आवाज, फार सभ्य, "पुन्हा एकदा करू या." पुन्हा तेच. मग त्या म्हणाल्या, "हमाल, तू एकदा करून दाखव." मी वाजवलं. त्याचे पाय माझ्या ठोकळ्यांवर इतके चपखल पडले की हाताला आनंद झाला, आणि त्या आनंदाचा मला राग आला. हे त्या वेळी बाजूला उभे राहून बघत असणार. मला रडू आलं. खोलीत मी एकटीच होते, तेव्हा रडून घेतलं.

हे पडणं गेलं असतं तर दुसरं काम मिळालं नसतं असं नाही. पण ह्यांची सगळी ओळख त्या जिन्यावर आहे. रस्त्यात लोक थांबवून म्हणतात, "वेटर ना तुम्ही?" आणि हे भर फुटपाथवर एकदा डुलून दाखवतात. ते गेलं असतं तर हे खिडकीशी खुर्ची ओढून बसले असते, आणि ‘मला काय झालंय’ असं दिवसभर म्हणत राहिले असते.

तर मी नाक पुसलं आणि साउंडवाल्याकडे गेले. त्याला कानसेन म्हणतात. ह्यांचा जुना दोस्त, मला वहिनी म्हणतो.

"ह्यांच्या कपाळाशी तो बारका माइक असतो ना," मी म्हटलं, "तो पडण्याच्या वेळी चालू असतो का?"

"नाही वहिनी. गाणं संपलं की मी सभागृहातला आवाज बंद करतो. पडताना कण्हले बिण्हले तर लोकांना ऐकू नको जायला."

"लोकांना नकोच. मला द्या. माझ्या हेडफोनमध्ये."

"ऐकण्यासारखं काही नसतं हो त्यात."

"तुम्ही ऐकलंय कधी?"

"मी त्या वेळी चहा पितो," कानसेन म्हणाला. "बटण दाबलं की पुढच्या गाण्यापर्यंत मला सुट्टी."

"मग आज चहा पिण्याआधी माझं बटण दाबा."

माझा बेत सरळ होता. डोळे नाहीत तर कान. ट्रेवरचं प्लॅस्टिक खडखडतं, बूट करकरतो, तेवढं ऐकू आलं तरी पाय कधी सटकतो ते मला कळेल. काडीवाल्याने काडी खाली आणली तरी आणू दे बापडा. मी घुमवत राहणार, ह्यांचा पाय पडेपर्यंत, आणि मगच हाणणार. ताणलं म्हणून बाई ओरडतील तर मला ओरडतील. काढायचं तर मला काढा. मी कुठेही जाऊन काहीतरी बडवेन.

संध्याकाळी थिएटर भरलं. नव्या दोन रांगांत खुर्च्या नव्हत्या अजून, पण खड्ड्याचा माझा अर्धा भाग झाकून झाला होता. पहिला अंक नीट गेला. झायलोफोनवर एक पट्टी चुकली, ती व्हायोलिनवालीने नक्की ऐकली असणार. मग गाणं संपलं, टाळ्या झाल्या, आणि माझ्या हेडफोनमध्ये खट्ट झालं. कानसेनने शब्द पाळला होता.

बाकी सगळं मागे गेलं आणि कानात एकच श्वास राहिला. तो मी ओळखते. रोज रात्री माझ्या उशीशेजारी तोच असतो. बूट करकरले. जिन्याची वरची पायरी. डोलारा खडखडला. मी काठ्या घुमवायला लागले.

आणि हे बोलायला लागले.

"घे. सावकाश घे."

मला वाटलं, स्वतःलाच सांगतायत. गुडघ्याला.

"आज दिसत नाहीयेस. असू दे. खांदा सांभाळ गं. मागे वळताना झटका देऊ नकोस." खडखड. एकदा डुलले. "दुपारी त्या रिकाम्या कोपऱ्याकडेच बघत बसलो, गाढवासारखा. आता कानाने ऐकतो. मी आहे उभा. तू हाणलंस की मी पडलोच. तोवर उभा आहे. घे वेळ."

माझे हात घुमवत होते. ते आपसूक घुमतात म्हणून बरं. बाकी मी होते कुठे?

म्हणजे गुडघा नव्हताच. माझा खांदा आखडला तेव्हा मी वळायला उशीर करतेय हे ह्यांनी वरून बघितलं. जिथे बघायचं नसतं तिथे बघितलं. आणि मला वेळ मिळावा म्हणून एकदा जास्त डुलले. ते बघून मी म्हटलं, गुडघा गेला, आणि ताणलं. माझं ताणणं ऐकून हे म्हणाले, खांदा आणखी बिघडला, आणि आणखी डुलले. तुम्ही आधी, नाही तू आधी. वर्षभर! एका ताटात जेवणारी माणसं! काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ना, तो वळसा आम्ही रोज घालत होतो, तिकीट लावून.

आणि आज मी काय करणार होते? ह्यांचा पाय पडेपर्यंत थांबणार होते. हे माझा ठोका पडेपर्यंत थांबणार होते. रखवालदाराने येऊन दिवे बंद केले असते तरी आम्ही तिथेच असतो.

पडद्यावर काडी खाली आली. आता हाणायचं होतं. खोटं कशाला बोलू, एक क्षण मी थांबले. काम म्हणून नाही. आणखी काही बोलतात का ते ऐकायचं होतं. काडीवाल्याचे डोळे मोठे झाले. कानात श्वास, आणि अगदी हळू, "आहे उभा."

मी वळले आणि हाणलं.

ठोकळ्यावर धप. ठोकळ्यावर धप. ठोकळ्यावर धप. एकेक पायरी जिथल्या तिथे. शिट्टी फुंकली, शिट्टी टाकली, ढोल, झांज, डबा. गुडघा कसला नि काय कसलं, माणूस पोत्यासारखा पडला. मग सामसूम, आणि त्या सामसुमीत कानात ह्यांची धाप. मी ट्रँगल उचलला. टिंग. हसण्याचा लोंढा हेडफोनमधून आलाच, पण पायाखालच्या फळ्यांमधूनही आला. इस्त्रीवाली दारातून डोकावून म्हणाली, "काय झालं? रडताय का हसताय?" मी म्हटलं, "पाणी दे आधी."

मध्यंतरात दिग्दर्शकबाई जिना चढून वर आल्या. "जमतं की हो तुम्हा दोघांना," त्या म्हणाल्या. "मग इतके दिवस काय झालं होतं?" मी म्हटलं, "हवा बदलली." त्या समजल्या नाहीत आणि मी समजावलं नाही. वेटर वेटरच राहिला. हमाल आपल्या बॅगा उचलायला गेला, आणि जाता जाता ह्यांच्या पाया पडला, नाटकी कुठला.

प्रयोग संपल्यावर मी ह्यांना रंगपटात गाठलं. हे आरशासमोर मिशी सोलत होते.

"माझा खांदा कधीच बरा झालाय," मी म्हटलं.

मिशी अर्धी ओठावर. "काय?"

"बरा झालाय. हे बघा." मी हात पार वर नेला, दिव्याला लागला. "आणि तुमचा गुडघा?"

"माझ्या गुडघ्याला काय धाड भरलीय?"

"पडणाऱ्याने खाली बघायचं नसतं, माहीत नाही तुम्हाला? इतकी वर्षं काय शिकलात?"

"माहीत आहे," हे म्हणाले. आवाज खाली गेला. "पण तुझा हात वर जाईना, आणि तू कोणाला सांगेनास. मलाही नाही. मग मी काय करायला हवं होतं? तुला दुखत असताना घाई करून पडायचं?"

मी खुर्ची ओढून बसले. मग सगळं सांगितलं, कानसेनचं, माइकचं. हे ऐकता ऐकता लाल झाले. रंग उतरवलेला होता म्हणून स्पष्ट दिसलं.

"म्हणजे सगळं ऐकलंस?"

"सगळं."

"अगं पण..." हे कापूस शोधायला लागले. कापूस समोरच होता.

"आजचंच ऐकलं," मी म्हटलं. "एरवी रोज काय बोलत होतात?"

"काही नाही."

"वर्षभर काही नाही?"

"असंच काहीबाही. तेव्हा तू समोर दिसायचीस." एवढं बोलून हे तोंड धुवायला निघून गेले.

मी तिथेच बसून राहिले. मला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटलं सांगू? वर्षभर हा माणूस माझ्याशी बोलत होता, भरलेल्या थिएटरात, आणि ते कोणाच्याच कानावर गेलं नाही. मी ड्रम वाजवत होते. कानसेन चहा पीत होता. घरी येताना बसमध्ये हे खिडकीबाहेर बघत होते आणि माझी पिशवी ह्यांनी मांडीवर घेतली होती. एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, झालं, घालवलंस सगळं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आता हे लाजून गप्प बसणार कायमचे, आणि माइक आहे हे न सांगता मी चोरून ऐकत राहिले असते तर काय बिघडलं असतं?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कानसेनने न सांगता बटण दाबलं. खट्ट. श्वास. बूट. वरची पायरी. मी घुमवायला लागले. डोलारा एकदा खडखडला. काही नाही. दुसऱ्यांदा खडखडला. काही नाही, नुसता श्वास, तोही जपून सोडलेला, शेजारी कोणी झोपलंय असा. पडद्यावर काडीवाल्याने काडी उचलली.

तेवढ्यात कानात कोणी खाकरलं.

"ऐकतेयस ना गं?"

त्या खोलीत माइक भरपूर होते. ढोलाला एक, झांजेला एक, ठोकळ्यांना एक. माझ्या तोंडासमोर मात्र एकही नव्हता. काडी खाली आली. मी वळले, हात पार वर नेला आणि ठोकळ्यावर हाणलं.

हे पडले.